बिबड्यांच्या डब्यातला प्रबंध

आमच्या गल्लीतला पहिला कॉम्प्युटर आमच्या घरी आला आणि गल्लीतला पहिला कॉम्प्युटर-तज्ज्ञही त्याच घरात निघाला. मी! (तीन महिन्यांचा कोर्स. तोही जळगावातच.)

बहीण शोभा तेव्हा धुळ्याच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. ती घरी आली असताना केळीवरच्या करपा रोगाचा तिचा प्रबंध मी टाइप केला. सोमवारी धुळ्याला छापून त्याच दिवशी द्यायचा, नाहीतर वर्ष बुडालं! आमच्या कॉम्प्युटरच्या पोटात काही राहत नसे. जे काय ते फ्लॉपीवर. म्हणून मी एकीच्या तीन फ्लॉप्या केल्या.

"भाऊ, नीट ठेवशील ना?"

"अगं, तज्ज्ञाला शिकवतेस?" असं म्हणून मी घरातली सगळ्यात सुरक्षित जागा शोधली. आईचा बिबड्यांचा डबा! ज्वारीच्या त्या पापडांना हात लावायची वडिलांचीही छाती नव्हती. धूळ नाही, उंदीर नाही. तिन्ही फ्लॉप्या आत!

रविवारी आईने माझ्या हातात काठी दिली. "गच्चीवर बस. बिबडासले ऊन देवानं शे. एक बी कावळा उना तर दख!"

(नवे बिबडे असतील, असं मी धरून चाललो.) मे महिना, जळगावचं ऊन! तरी डोक्याला ओला पंचा बांधून दुपारभर ठाण मांडलं. पातळ धोतराखाली पांढऱ्या बिबड्यांत मधूनच काहीतरी काळं दिसत होतं. म्हटलं, आईने यंदा तीळ सढळ हाताने घातलेत.

संध्याकाळी धोतर उचललं, तर तीळ कसले! माझ्या दोन फ्लॉप्या! वाकून पार द्रोण झालेल्या.

"आई! हे काय केलंस?"

"काय व्हयनं? बिबडासले ऊन दखाडं, त्यासले बी दखाडं. बुरशी लागती ना!"

शोभा रडायलाच लागली. "दोन वर्षं शेतातला चिखल तुडवला गं मी!"

"आणि तिसरी कुठंय?" मी ओरडलो.

"शिंदखेडाले. काल मावशीले वानोळा धाडा ना, त्यान्हामा." आईची मान ताठ. "मन्ही पोरनं एवढं मोठं पुस्तक एक चकतीमा मावनं! बहीणले दखाडाले नको?"

(घरात नवं काही झालं की त्याचा पहिला वाटा नात्यात जायचा, तो वानोळा. तो कशाचा धाडावा, याला आईकडे मर्यादा नव्हती!)

सोमवारी पहिल्या एसटीने आम्ही दोघं शिंदखेड्याला. मावशीने शालूच्या घडीतून फ्लॉपी काढली. बठ्ठी, म्हणजे अख्खी गल्ली ती पाहून गेली होती म्हणे! मी हात पुढे केला, तर मावशीने आपला मागे घेतला.

"वानोळा रिकामा परत देतस का रे?"

"मावशी, ती भरलेलीच आहे!"

ऐकते कसली! लाल मिरच्यांची पिशवी घेतली, तेव्हा कुठे फ्लॉपी सुटली.

धुळ्यात फ्लॉपी चालली! प्रबंध वेळेत गेला, शोभा प्रथम वर्गात पास झाली. छापताना तिने आभाराच्या पानावर दोन ओळी वाढवल्या होत्या. प्रबंध सुरक्षित ठेवल्याबद्दल आई आणि मावशीचे आभार. आणि भाऊचे, बिबडे राखल्याबद्दल.

ते पान मी छाती फुगवून गल्लीभर दाखवलं. त्यात खोटं काय होतं? एक कावळा टेकू दिला नव्हता मी!