हान आजींनी मागितलेली माफी

२००५ चा सप्टेंबर. आयसेलिनच्या आमच्या अपार्टमेंटची बेल वाजली, माझ्या बायकोने, स्मिताने, दार उघडलं… आणि दारात खालच्या मजल्यावरच्या हान आजी उभ्या होत्या. माफी मागायला आल्या होत्या. चूक माझी होती, आणि ते आमच्या घरात फक्त मला माहीत होतं.

थोडं आधीपासून सांगतो.

त्या वर्षी मार्चमध्ये माझ्या छातीत दुखलं आणि स्टेंट बसला. वय एक्केचाळीस. स्मिताने घरातले चिप्स, कुकीज, फरसाण, सगळं गार्बेजमध्ये टाकलं आणि सकाळी साडेपाचला उठून माझा वेगळा डबा करायला लागली.

आणि मी? ऑफिसमधून परत येताना दोन डोनट आणि चिप्सचं एक पाकीट घ्यायचो. आमच्याच पार्किंगमध्ये गाडीत बसून संपवायचो, पिशवी डंपस्टरमध्ये टाकायचो, तोंड पुसून वर यायचो… आठवड्यातून चार-पाच दिवस तरी.

हान आजी कोरियन, सत्तरीच्या, मुलगा-सुनेबरोबर राहायच्या. इंग्लिश मोडकंतोडकं. माझ्या स्टेंटचं त्यांना स्मिताकडून कळलं होतं. त्या उन्हाळ्यात त्यांनी अचानक दर शुक्रवारी आमच्याकडे एक डबा पाठवायला सुरुवात केली. त्यात त्यांची ‘सोंगप्यॉन’ नावाची मिठाई असायची… तांदळाच्या पिठाची पारी, आत तीळ आणि मध, पाइनच्या पानांवर वाफवलेली. पहिला घास खाऊन स्मिता म्हणाली, अरे, हे तर उकडीचे मोदकच की. मलाही आवडायचे. दोन खायचो, जास्त नाही.

सप्टेंबरमध्ये चेक-अप होता. कोलेस्टेरॉल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाता का? स्मिता शेजारच्याच खुर्चीत बसली होती…

मी म्हणालो, शेजारच्या कोरियन आजी मिठाई पाठवतात, फार आग्रह करतात, नाही म्हणता येत नाही.

इतकं सहज बोलून गेलो की माझं मलाच नवल वाटलं. डॉक्टर म्हणाले, मग काही दिवस ती बंद करून बघा. गाडीत स्मिता स्वतःलाच दोष देत होती, की आपणच कौतुकाने तो डबा घेत राहिलो. मी ड्राइव्ह करत होतो.

त्या शुक्रवारचा डबा तिने न उघडता परत नेऊन दिला. नीट समजावून सांगितलं म्हणाली, रागावले नाही. पण न उघडलेला डबा परत करणं म्हणजे काय, ते दोघींनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आजी वर आल्या. हातात सुनेकडून इंग्लिशमध्ये लिहून घेतलेला कागद. तांदूळ, तीळ, मध, चिमूटभर मीठ. बटर नाही, तळण नाही. खाली एक ओळ होती, की आमच्यात ‘याकग्वा’ नावाची तळलेली मिठाईही असते, पण ती मी तुम्हाला मुद्दाम कधी पाठवली नाही.

कागद दोन्ही हातांनी पुढे धरून त्या कमरेतून वाकल्या. म्हणाल्या, “सॉरी. माझ्यामुळे तुझं हार्ट…”

आणि मी काय म्हणालो माहितीये? “इट्स ओके.”

मी त्यांना माफ केलं! आज हे टाइप करतानाही कान गरम होतायत…

पुढचे तीन दिवस तो कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली होता. स्मितानेच लावला, म्हणाली बिचारीने किती मनापासून लिहून आणलंय. पाणी प्यायला गेलो की तो समोर. चौथ्या दिवशी ऑफिसमधून आलो तो वर न जाता सरळ आजींचं दार वाजवलं.

उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. डोनट, चिप्स, डॉक्टरांकडे बोललेलं खोटं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मला किचनच्या खिडकीपाशी नेलं. खाली पार्किंग. माझी गाडी बरोबर समोर.

“आय नो,” त्या म्हणाल्या. “रोज बघते. म्हणून तर मिठाई पाठवत होते. वाटलं, गोड खावंसं वाटतं याला, तर निदान हे खाईल.”

माहीत होतं तर माफी का मागितलीत, मी विचारलं.

“तुझी बायको समोर होती. मी कसं सांगणार? ते तूच सांग.”

वर जाऊन स्मिताला सांगितलं. ती ओरडली नाही. चपला घातल्या आणि खाली गेली. तासाभराने आली तेव्हा डोळे लाल होते. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण सकाळचा डबा मात्र ओट्यावर तयार असायचा… ते जास्त लागलं.

पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांनाही खरं सांगितलं. ते म्हणाले, तांदूळ आणि मध, म्हणजे औषध नाही हं ते, साखर वाढतेच. पण वाफवलेले एक-दोन, आठवड्यातून एकदा, चालतील. रोजचे डोनट आणि चिप्स अजिबात नाही. स्मिता स्वतः जाऊन शुक्रवारचा डबा पुन्हा मागून आली.

२००८ मध्ये आजी दूर जॉर्जिया राज्यात मुलीकडे राहायला गेल्या. निघायच्या दिवशी सामान उचलायला खाली गेलो होतो. मनात होतं, पुन्हा एकदा नीट माफी मागू. त्यांनी ती संधीच दिली नाही. माझं मनगट धरून विचारलं, कोलेस्टेरॉल आता किती?

थोडं वाढलं होतं. खरा आकडा सांगितला.

त्यांनी मान डोलावली आणि मनगट घट्ट दाबलं. आजी, थँक यू… मला सगळ्यांसमोर उघडं पाडणं तुम्हाला किती सोपं होतं.