शाळा सोडण्याचे कारण

मंडळी, मी पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीवर शिक्षिका आहे. आज चौथीतल्या साक्षीची आई शाळेचा दाखला न्यायला आली. सगळं कुटुंब पनवेलला चाललंय.

'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात मी सवयीने 'कामानिमित्त स्थलांतर' लिहायला घेतलं.

"बाई, तसं नका लिवू," ती हळूच म्हणाली. "शेत हाय, घर हाय. पन आता पाऊस कोसळतो तो थांबत नाय. घरामागं डोंगराला भेग पडलीय. पाऊस लागला की पोरगी जेवत नाय."

मी लिहिलं, 'दरडीच्या भीतीने'. तिने ते दोनदा वाचलं आणि माझा हात धरला.

पनवेलच्या शिक्षकांनो, जोराचा पाऊस आला की नव्या मुलीजवळ जरा उभे राहाल का?