मेंढराच्या पोटातली बाजरी

बर्फावर स्केटिंग करणाऱ्या एका परदेशी खेळाडूची मी चाहती आहे, हे कॉलेजची पहिली दोन वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता : तू बर्फ कुठं बघितलास? खरं उत्तर द्यायचं तर रसवंतीत, भुशात आणि पोत्यात गुंडाळून ठेवलेला.

आमचं गाव कळंब. मी बारामतीला वसतिगृहात राहते आणि शनिवारी एसटीनं घरी येते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पूर्वी घरात मेंढरं होती, आजोबांनंतर ती गेली. आता थोडा ऊस आहे आणि वडील दुसऱ्यांचा ट्रॅक्टर चालवतात. पहिल्या वर्षी वर्गात सगळं इंग्रजीतून चालायचं. मला निम्मं कळायचं नाही, पण मी मान हलवायचे. न हलवली तर सर थांबून विचारतील, ही भीती.

त्याच दिवसांत खोलीतल्या मैत्रिणीनं हसण्यासाठी म्हणून एक व्हिडिओ दाखवला. बर्फावर माणसं कशी कशी पडतात, त्याचा. त्यातला एकजण जोरात आपटला, आणि उठताना त्याचा हात गाण्याच्या ठेक्यावरच वर आला. जसं काही ते पडणंही बसवलेलंच होतं. मैत्रीण पुढच्याच्या पडण्याला हसत होती. मी तिच्याकडून तो व्हिडिओ मागून घेतला. पुढं आठवडाभर मी त्याचं नाव शोधत होते.

नाव सापडलं आणि नावाबरोबर त्याची माणसंही सापडली, इंटरनेटवरचा चाहत्यांचा एक गट. इतक्या देशांतली माणसं एका मुलासाठी एवढी राबत असतील, असं मला वाटलं नव्हतं. तो त्याच्या भाषेत मुलाखत द्यायचा. तासाभरात कुणीतरी ती इंग्रजीत लिहून काढायचं, दुसरं कुणीतरी त्यातली चूक दाखवायचं आणि तिसरं कुणीतरी दोघांचेही आभार मानायचं. त्याच्या घोट्याला सूज आली की चार खंडांत काळजी पसरायची. मी ती भाषांतरं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचे. माझं इंग्रजी जे काही सुधारलं ते तिथं. वर्गातले सर हे वाचतील तर वाईट वाटून घेऊ नये.

दोन वर्षं मी त्या गटात नुसती वाचत राहिले. एकदा धीर करून एक ओळ लिहिली, की मी पुण्याजवळच्या एका खेड्यातली आहे. लगेच एका बाईंनी विचारलं, तुझ्या खिडकीतून काय दिसतं? त्या उत्तर युरोपातल्या एका शहरात तीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेल्या. मी उसाचा फोटो पाठवला. त्यावर इतके प्रश्न आले की मला दोन दिवस उत्तरं द्यावी लागली. ऊस किती उंच होतो, त्याला फुलं येतात का, रात्री त्यात काय असतं. मी लिहिलं, बिबट्या असू शकतो. तेव्हापासून ट्रामवाल्या बाई मला 'बिबट्याची शेजारीण' म्हणायला लागल्या. मी मनात त्यांना मावशी म्हणायचे.

या खेळात एक रीत आहे. खेळाडूचं नाचणं संपलं की चाहते वरून बर्फावर कापडी खेळणी टाकतात. लहान मुलं ती भराभर गोळा करतात आणि मग पुढचा खेळाडू येतो. गेल्या हिवाळ्यात मावशी एका मोठ्या स्पर्धेला जाणार होत्या. ज्यांना येता येत नाही त्यांनी आपलं खेळणं माझ्याकडं पाठवा, मी टाकते, असं त्यांनी लिहिलं. सोबत नियम होते. खेळणं मऊ हवं, पारदर्शक पिशवीत बंद हवं. मणी नको, टिकल्या नकोत, फुलाची सुटी पाकळीसुद्धा नको. बर्फावर बारीकसं काही राहिलं आणि बुटाच्या पात्याखाली आलं तर पुढच्याचा पाय घसरू शकतो.

मी आईला म्हटलं, एक मेंढरू करून देशील का? आईनं नात्यातल्या एका कळपवाल्याकडून काळी लोकर आणवली, धुतली, पिंजली आणि चार दिवसांत एवढंसं मेंढरू केलं. कान असे की आता हलवेल. मी तिला सांगितलं, "मऊ पाहिजे, आणि पिशवीत बांधायचं." का ते सांगितलं नाही. पातं, बर्फ, पुढचा खेळाडू, एवढं सगळं तिला कशाला, असं मला वाटलं. बारामतीच्या पोस्टात फॉर्म भरताना आत काय आहे ते लिहायचं होतं. मी लिहिलं, लोकर आणि कापूस.

मेंढरू पोचल्याचा फोटो आला तेव्हा मी तो वसतिगृहात चौघींना दाखवला. दोन वर्षं लपवलेलं त्या दिवशी आपोआप बाहेर पडलं.

स्पर्धा रविवारी होती. आदल्या दिवशी मी घरी आले. आई भाकरी थापत होती.

"पोचलं न्हवं मेंढरू?"

"पोचलं की. उद्या टाकणार."

"वाटंत बाजरी सांडली न्हाय ना? शिवण बारीक घातलीय मी."

मला आधी कळलंच नाही. "कसली बाजरी?"

"पोटात घातलीय की मूठभर. परमुलखाला चाललंय, उपाशी कसं धाडायचं?"

आमच्याकडं कुणाच्या घरी रिकामं भांडं जात नाही. शेजारच्याचा तांब्या परत करायचा तरी त्यात काहीतरी घालूनच. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मला ते सुचलं नव्हतं. आईला मात्र दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

मी तिथंच चुलीपुढं बसले आणि तिला सगळं सांगितलं, जे आधी सांगायला हवं होतं. पातं केवढं असतं, खेळाडू किती वेगानं येतो, एक दाणा पुरेसा कसा आहे. आई ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी करपली.

"मग आदी बोलली का न्हाईस?" ती म्हणाली. "मला काय एवढं बी कळत न्हाय व्हय?"

वर्गात मला जे वाटायचं, तेच मी तिला वाटायला लावलं होतं.

धाकटे चुलते, तात्या, दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "आगं, पर तो पोरगा घसरायचंच काम करतो न्हवं? न्हाय घसरला तर त्याला कोण इचारतंय?"

"भावजी, तुमी गप बसा जरा," आई म्हणाली. "दुसऱ्याचं लेकरू हाय ते. हाड मोडलं म्हंजे?"

मी फोन घेऊन अंगणात आले.

आता कळवायलाच हवं होतं, हे मला कळत होतं. तरी माझा हात चालत नव्हता. पोस्टाच्या फॉर्मवर मी कापूस लिहिलं होतं. धान्य असं परदेशी पाठवता येत नाही, हेही मला त्याच वेळी शोधल्यावर समजलं. त्याआधी एकदा कुणीतरी सुटी फुलं टाकली होती, तेव्हा गटात त्या व्यक्तीला बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं आणि नंतर ती दिसली नव्हती. दोन वर्षं गप्प राहून मिळवलेली जागा एका ओळीत जाईल, असं वाटत होतं. वाटलं, पिशवी बंद आहे, शिवण बारीक आहे, कशाला सांडेल? आई आतून म्हणाली, "झालं का लिवून?" मी म्हटलं, "लिहिते." मग मात्र लिहावं लागलं.

तीन ओळी लिहायला मला पाऊण तास लागला. बाजरीला इंग्रजीत काय म्हणतात ते शब्दकोशात पाहिलं. पर्ल मिलेट. लिहिलं, माझ्या आईनं मेंढराच्या पोटात पर्ल मिलेट घातलं आहे, मला माहीत नव्हतं, कृपा करून ते टाकू नका, मला माफ करा.

पाचच मिनिटांत मावशींचा व्हिडिओ कॉल आला. आजवर आम्ही कधी बोललो नव्हतो, फक्त लिहिलं होतं. त्या हॉटेलच्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. मांडीवर आमचं मेंढरू होतं आणि डोळ्यांत पाणी. त्या भराभर काहीतरी बोलत होत्या. मला एवढंच कळत होतं की आईला सांग, हे मी घेऊ शकत नाही, हे फार मोलाचं आहे. मला वाटलं, रागात माणसं अशीही बोलत असतील. मग त्या पुन्हा पुन्हा 'पर्ल, पर्ल' म्हणायला लागल्या आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पर्ल म्हणजे मोती. त्यांना वाटलं होतं की आईनं मेंढराच्या पोटात मोती शिवून पाठवलेत.

मी म्हटलं, मोती नाही, धान्य, आणि घरात पळत जाऊन मूठभर बाजरी आणून कॅमेऱ्यासमोर धरली. त्यांनी आधी बाजरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. आई मागून आली. "काय म्हणत्यात?"

"त्यांना वाटलं तू मोती पाठवलेस."

"मग मोत्यावानीच हाय की दाणा. खोटं काय हाय त्यात?" आईनं फोन माझ्या हातातून घेतला.

मावशींनी छोटी कात्री काढली आणि मेंढराच्या पोटाला लावली. आई ओरडली, "आगं बाई, तिकडनं न्हाय! शेपटीखालनं, शेपटीखालनं!" मावशींना मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण आईनं स्वतःच्या लुगड्याचा पदर मागं ओढून जे दाखवलं ते त्यांना बरोबर समजलं. त्यांनी शेपटीखालची शिवण उसवली. बाजरी चहाच्या कपात पडू लागली. तात्या मागून डोकावत म्हणाले, "मेंढराला जुलाब झालं जणू," आणि आईनं त्यांना कोपरानं मागं ढकललं.

कप अर्धा भरला. मावशींनी अंगठा वर केला. आईनं मान हलवली. "पायात बी हाय. चिमूट चिमूट, चारी पायात. उभं ऱ्हावं म्हणून."

मी ते इंग्रजीत सांगितलं. सांगताना शब्द शोधावा लागला नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मावशींनी एकेक पाय उसवला, उलटा केला, झटकला. मग प्रत्येक पायात बोट घालून, डोळे मिटून चाचपलं. त्यांच्या बोटांना सवय होती ती ट्रामच्या दांड्याची, तरी त्या किती हळू करत होत्या. शेवटी मेंढरू ओल्या फडक्यासारखं त्यांच्या हातावर लोंबलं. त्यांनी बॅगेतून स्वतःचे लोकरीचे मोजे काढले, कापले आणि ते आत भरले. आई त्यांना टाका दाखवत होती. इकडं तिनं रिकाम्या बोटांनी सुई चालवली की तिकडं त्यांची सुई चालायची. पाऊण तासात एकदाच आई माझ्याकडं वळली, "ह्यांना म्हणावं, दोरा आखूड घ्या, गुंतत न्हाय." बाजरीचं काय करू, असं मावशींनी विचारलं. आई म्हणाली, "शिजवून खावा म्हणावं, दूध घालून."

कॉल संपल्यावर मी गटात सगळं लिहून टाकलं. काही लपवलं नाही, फॉर्मवरचा कापूससुद्धा. मग फोन उलटा ठेवून भांडी घासायला बसले. परत पाहिलं तर कुणी रागावलेलं नव्हतं. एका मुलीनं लिहिलं होतं, की मागच्या वर्षी तिच्या आईनं बाहुलीच्या खिशात खोकल्याच्या गोळ्या घातल्या होत्या आणि आजवर तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. आणखी एकीनं असंच काहीतरी. पोस्टाचं पुढच्या वेळी नीट बघ, असं एकीनं सांगितलं, तेही समजुतीनं. आणि नियमांच्या यादीत शेवटी एक नवी ओळ आली होती : पाठवण्याआधी आईला विचारा.

रविवारी संध्याकाळी आई, तात्या आणि मी ओसरीवर फोन भिंतीला टेकवून बसलो. तो आला. मी नेहमीसारखी त्याच्या चेहऱ्याकडंच बघत होते. त्या दिवशी तो एकदा पडला आणि उठला. शेवटी वरून खेळण्यांचा पाऊस पडला. त्या रंगीत ढिगात एक काळा ठिपका दिसला. आई म्हणाली तेच आपलं, तात्या म्हणाले कशावरून. एका लहान मुलीनं तो उचलला आणि पळाली.

एरवी मी इथं फोन बंद करते. पुढं येणारा होता तो आमच्या खेळाडूचा जुना प्रतिस्पर्धी. गटात त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही, पण चांगलंही कुणी आपणहून बोलत नाही. त्या दिवशी मी फोन बंद केला नाही. मावशींनी चारी पाय चाचपले होते, मी स्वतः बघितलं होतं. तरी त्या चार मिनिटांत मी त्याच्या पायांखेरीज काही पाहिलं नाही. तो उडी मारायचा आणि माझी बोटं आईच्या दंडात रुतायची. जिथं तो काळा ठिपका पडला होता, बरोबर तिथून तो तीन वेळा गेला.

तो एकदाही पडला नाही. आमच्या खेळाडूच्या पुढंही गेला. मी टाळ्या वाजवत होते. तात्या म्हणाले, "आगं, तुझा हरला की!"

"व्हय," आई म्हणाली. "पर हे लेकरू उभं हाय."

थोड्या वेळानं मावशींचा निरोप आला. त्यांनी लिहिलं होतं, की सबंध वेळ त्यांचं लक्ष त्या दुसऱ्या मुलाच्या पायांकडंच होतं, त्याचं गाणं कोणतं होतं ते त्यांना आठवत नाही, तुला आठवतं का? मलाही आठवत नव्हतं. मी तसं लिहिलं आणि आभार मानले.