जावयासकट ट्रॉली

आपली गाडी आता डिझेलवर चालते, हे अमरावतीत भेटेल त्याला थांबवून सांगणारा मी. आणि ती पहिल्यांदा पंपावर उभी राहिली तेव्हा खिडकीतून हात काढून "भर पेट्रोल" असं ऐटीत सांगणाराही मीच. मिस्त्री तेव्हा मागच्या चाकाची हवा पाहत होता. वास आला तसा उठला. गाडी ढकलत बाजूला घेतली, खाली शिरला, टाकीचं बूच काढलं आणि मी ऐटीत भरलेलं सगळं डब्यात उतरवून घेतलं. बाहेर येऊन हात पुसत एवढंच म्हणाला, "होते भाऊ. जुनी सवय हाय."

त्याने तेव्हाच चार शिव्या हासडल्या असत्या तर पुढचं बरंच टळलं असतं. न रागावणाऱ्या माणसाजवळ माझ्यासारख्याची हुशारी फार वाढते.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी शाळेत भूगोल शिकवत होतो. म्हणजे सातपुडा मला नकाशावर छडीने दाखवता येत होता. मामा वारले तेव्हा त्यांची पिकअप माझ्याकडे आली. लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्यांपैकी ती एक. तिचं पेट्रोल इंजिन मेलं होतं. मिस्त्रीने कुठूनसं एका उलटलेल्या ट्रकचं डिझेल इंजिन मिळवून तिच्यात बसवलं. इंजिन लांब आणि गाडी आखूड, म्हणून बॉनेट बंद होईना. तर ते कापून टाकलं. खालून लोखंडी पट्ट्या मारल्या, मागचा आस ट्रकचा लावला, आणि ट्रॉली ओढायचा हूक असा ठोकला की गाडी गेली तरी हूक राहावा. गाडी माझी, इंजिन आणि अक्कल त्याची, अशी आमची भागीदारी. मी स्वतःला मालक म्हणवून घेई. इंजिनाच्या आवाजात ते कोणाला ऐकू जात नसे.

मिस्त्रीचा सगळा जीव एका कामावर लागला होता. परतवाड्याच्या एका लाकडाच्या ठेकेदाराला मेळघाटातल्या खोऱ्यांतून सागवान ओढून वर चढवायचं होतं. पावसाळ्यानंतरचा अख्खा हंगाम. काम मिळालं तर मिस्त्री आपल्या मनाचा राजा. नाही मिळालं तर पुन्हा दुसऱ्याच्या गॅरेजात पाने उचलायचे, आणि त्या गॅरेजातली नोकरी त्याने या इंजिनापायी आधीच सोडलेली. ठेकेदाराची अट सोपी होती. चिखलदऱ्याच्या पायथ्याशी त्याचा माणूस ट्रॉलीत धोंडे भरून देईल आणि ढिगावर चुन्याची रेघ मारेल. ती रेघ जशीच्या तशी घेऊन दुपारच्या आत वरच्या नाक्यावर यायचं. मधे एक धोंडा जरी निघाला तरी रेघ सांगते.

दिवस ठरला तो दिवाळीच्या सुट्टीतला. घर पाहुण्यांनी भरलेलं. आदल्या दिवशी जेवताना माझ्या तोंडून निघालं, "उद्या चिखलदऱ्याले चाललो. ट्रॉली घेऊन."

"जागा असन ना मंग," काकाजी म्हणाले.

आमच्याकडे गाडीत जागा नाही म्हणणं म्हणजे घरात पीठ नाही म्हणण्यासारखं. मी हो म्हणालो. काकाजी येतात म्हटल्यावर आत्याबाई आल्या, आत्याबाईंच्या दोन सुना आल्या, सुनांची पोरं आली. आणि मग सगळ्यांना एकदम आठवलं की जावईबापूंना कोणी विचारलंच नाही.

जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. अंगाने भरलेले. माणूस वाईट नव्हता, फक्त रुसायचा. मागच्या दिवाळीत पंगतीत त्यांच्या आधी दुसऱ्याच्या पानात भात पडला, तर ते हात धुऊन थेट स्टेशनवर जाऊन बसले; आणि पुढे पाच महिने बहिणीला माहेर दिसलं नाही. तेव्हापासून आम्ही त्यांना काचेच्या बरणीसारखं हाताळत होतो.

बायको एकदाच म्हणाली, "ते मिस्त्रीचं काम हाय ना?"

"वजन जास्त असलं तर उलट गाडी उठून दिसेल," मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भाकऱ्या बांधायला घेतल्या.

पायथ्यापर्यंत रिकाम्या ट्रॉलीतून अठरा माणसं मजेत आली. तिथे ठेकेदाराच्या माणसाने धोंडे भरले, चुना मारला आणि आपल्या सायकलवर बसून निघून गेला. मग धोंड्यांवर पोती अंथरली, जावईबापूंसाठी गादी टाकली आणि मंडळी पुन्हा वर चढली. मिस्त्री हूक तपासत होता. त्याने मान वर केली.

"भाऊ, हे सारे येऊन राह्यले?"

"घरचीच माणसं हायत."

"हो. दिसून राह्यलं," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

पहिल्या चार वळणांपर्यंत मी त्याच्या शेजारी बसून सातपुड्याची निर्मिती समजावून सांगत होतो. पाचव्या वळणावर चढ उभा झाला. इंजिन खालच्या आवाजात कण्हू लागलं, मागून ओढ आली आणि गाडीची पुढची चाकं रस्त्यावरून हलकी व्हायला लागली. स्टिअरिंग फिरत होतं, गाडी वळत नव्हती. मिस्त्रीने ब्रेक दाबला, मी उडी मारून चाकांमागे दगड लावले.

"इंजिन ओढते भाऊ," तो म्हणाला, "पण मागं लय झालं. मानसं उतरवा. दोन वळनं पायी चालले तं काम झालं."

मी मागे गेलो आणि मोघमपणे सगळ्या ट्रॉलीलाच म्हणालो, "जरा पाय मोकळे करता का?"

काकाजींनी मला जवळ बोलावलं. "मी उतरतो रे. पन मी उतरलो तं जवाईबापू कसे बसतीन? म्हातारा पायी अन् ते गादीवर, बरं दिसते का?"

"मंग त्यायलेबी सांगा ना," एक सून पुटपुटली.

"सांगा!" आत्याबाई म्हणाल्या. "दिवाळीले बलावलं अन् डोंगर चढाले लावला, असं साऱ्या अकोल्यात व्हईन. काहून रे, तुले बहीण नकोशी झाली का?"

जावईबापू दरीकडे पाहत होते. "आमी उतरतो ना," ते म्हणाले. "आमचं काय. आमाले सांगितलं की आमी उतरतो."

ज्या घरात जावई आहे त्या घराला हा सूर ओळखू येतो. माझ्या डोळ्यांसमोर स्टेशनचा बाक उभा राहिला.

माझी बायको केव्हाच खाली उतरून डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन चढ चढायला लागली होती. पण घरची बाई उतरली तर ती कोणी मोजत नाही.

मी विचार केला आणि मला ते सुचलं. ट्रॉलीत दोनच प्रकारचं वजन होतं. त्यातलं एक रुसणारं नव्हतं.

"धोंडे उतरवू," मी म्हणालो.

मिस्त्री खिडकीतून बाहेर पाहत राहिला. "मंग वर दाखवाचं काय, भाऊ?"

"गाडी चढली हे दाखवायचं. वजन म्हणजे वजन, त्याला काय नाव असतं? अठरा माणसं म्हणजे काय कापूस हाय?" भूगोलाच्या तासाला कोणी प्रश्न विचारला की माझा आवाज असाच चढे.

मिस्त्रीने इंजिन बंद केलं. आणि मग मी जे पाहिलं ते आजही मला नीट समजत नाही. म्हातारपणी चालायला नको म्हणणारे काकाजी टुणकन खाली उतरले आणि धोंडे उचलायला लागले. सुना उतरल्या, पोरं उतरली. पायी दोन वळणं चालायला जेवढे श्रम पडले असते त्याच्या चौपट श्रम करून सगळ्यांनी मिळून ट्रॉली रिकामी केली. जावईबापू तेवढे वरच होते. ज्या बाजूचे धोंडे निघत त्या बाजूकडून ते गादी ओढत, उघड्या धोंड्यांवरून बसल्या बसल्याच दुसऱ्या बाजूला सरकत. शेवटचा धोंडा निघाला तेव्हा ते अलगद ट्रॉलीच्या तळाशी टेकले. मग सगळे घाम पुसत पुन्हा वर चढून बसले.

दुपार व्हायच्या आधी आम्ही नाक्यावर पोहोचलो. ठेकेदार बाजेवर बसून चहा पीत होता. त्याने ट्रॉलीत डोकावून पाहिलं. जावईबापू उतरत होते. त्यांच्या पांढऱ्या शुभ्र धोतराच्या मागच्या बाजूला चुन्याची रेघ उमटली होती.

"रेघ आली," ठेकेदार म्हणाला. "धोंडे कुठं हायत?"

मी वजनाबद्दल बोलायला सुरुवात केली. त्याने हात वर केला आणि मिस्त्रीकडे वळला. "मिस्त्री, मले सागवान ओढाचं हाय. वरात नाई."

मिस्त्री माझं नाव सांगू शकत होता. मी तिथे उभाच होतो. तो खाली पाहत म्हणाला, "चुकलं शेठ. उद्या पुन्हा आणतो."

"आण. एकटा आण."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री दोन मजुरांना घेऊन त्या वळणावर गेला. टाकलेले धोंडे त्यांनी उचलून ट्रॉलीत भरले, पायथ्याशी नेले, नवी रेघ मारून घेतली आणि पुन्हा घाट चढला. दहालाच नाक्यावर होता. हंगामाचं काम त्याला मिळालं.

हे सांगायला तो स्वतः घरी आला. पाणी प्याला, पाहुण्यांची विचारपूस केली. मग उठताना म्हणाला, "भाऊ, गाडी तुमची हाय, तुमचीच राहीन. पन घाट तेवढा माह्याकडं राहू द्या. तुमी अमरावतीलेच बरे."

मला ते फार लागलं. ज्याच्या मामाची गाडी, त्यालाच गाडीत बसायची बंदी. मी दिवसभर घरात येरझारा घातल्या. उपकाराची जाण नाही, मी त्याच्याशी किती चांगला वागलो, तो कसा एका शब्दाने आधी बोलला नाही, त्या वळणावर "नाही" म्हणाला असता तर मी ऐकलं नसतं का, असं सगळं बायकोला ऐकवलं. जावईबापू त्या सकाळीच खुशीत अकोल्याला गेले होते, आणि ती त्यांची गादी अंगणात झटकत होती. चुना काही निघत नव्हता.

"जवाई रुसले असते तं चार दिवसांनी मनवले असते आपन," ती म्हणाली. "मिस्त्रीले रुसताच येत नाई. म्हनून तं धोंडे त्याचे उतरवले तुमी."