नाही लिही, पण पाठव

साडेचार वाजले की काका हातमोजे काढायचे. हातातला नमुना पुरा करून, यंत्र पुसून. पण साडेचार म्हणजे साडेचार. "झाले आठ तास," म्हणत पांढरा कोट खुंटीला अडकवायचा, मॅनेजरबाईंना हसून "गुड इव्हिनिंग" करायचं आणि बाहेर. असा एखादा सहकारी तुम्हालाही भेटला असेल. आपण त्याचा हेवा करतो आणि सहापर्यंत बसून राहतो.

वेल्समधल्या कार्डिफच्या एका हॉस्पिटलात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये आम्ही दोघंच मराठी. मी पुण्याची, व्हिसावर आलेली. ते नागपूरचे, साठीला टेकलेले, युनियनचे प्रतिनिधी.

अमेरिकेतले संप हा त्यांचा छंद. वाढदिवसाचा केक कापायला कुणी सुरी उचलली की शिकागो सुरू. आठ तासांच्या दिवसासाठी तिथले कामगार रस्त्यावर कसे उतरले, फासावर कोण गेलं, सगळं. आमची वेल्श सुपरवायझर कपाळाला हात लावायची, "हिअर वी गो!"

आगीच्या वेळी बाहेर पडायच्या दारापाशी आम्ही खोकी रचली, तर ते स्वतः उचलून बाजूला करायचे. "न्यूयॉर्कात कपड्याच्या कारखान्याला आग लागली, तर दाराला कुलूप. पोरींनी खिडकीतून उड्या टाकल्या, मग कायदे आले. अन् तुम्ही इथं ग्लव्ह्जची खोकी लावून राहिले?"

मी एकदा विचारलं, "काका, अमेरिकेला गेलात का कधी?"

"नाही बाप्पा. तिथं सुट्ट्या फार कमी देतात."

पुढे आमची लॅब तासभर अंतरावरच्या शहरात हलवायचं ठरलं. आम्हाला ते नुसतं लांब पडणार होतं. पण काकांच्या घरी काकू अंथरुणाला खिळलेल्या. घर हॉस्पिटलच्या मागच्याच रस्त्याला. जेवणाच्या सुट्टीत ते जाऊन काकूंना भरवायचे, कूस बदलून द्यायचे आणि घाईघाईने परत यायचे. लॅब हलली की त्यांची नोकरी सुटणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

युनियनने संपासाठी मतदान घेतलं. इथे मतपत्रिका पोस्टाने घरी येते. निदान निम्म्या सभासदांनी ती परत पाठवली नाही, तर आलेल्या सगळ्या पत्रिकांवर 'हो' असलं तरी संप करता येत नाही. काका एकेकाच्या टेबलाशी गेले. मीही सभासद होते.

"'नाही' लिही, मी काही म्हणणार नाही. पण पाठव. घरात ठेवू नको, एवढंच."

"पाठवते, काका."

पाकीट घरातल्या टपालाच्या ढिगात राहिलं. मी कामावरून यायचे, जेवायचे, फोन बघत पडायचे. पाकीट रोज दिसायचं. पोस्टाची पेटी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. संपाला माझा विरोध नव्हता, पाठिंबाही नव्हता. उठवत नव्हतं, इतकंच.

तीन मतपत्रिका कमी पडल्या, संप बारगळला. ऐकून मला काही वाटलं नाही. वाईट वाटायला हवं हे कळत होतं, आणि मी पुढचा नमुना लावला.

काकांच्या निरोपाच्या दिवशी सुपरवायझर रडवेली होऊन म्हणाली, "ज्यांनी पाठवली नाही, शेम ऑन देम." काका लगेच इंग्रजीत म्हणाले की व्हिसावर असलेल्यांना कुणी बोल लावू नका, त्यांची भीती खरी असते, आपणही तशी वर्षं काढली आहेत. मग माझ्याकडे वळले.

"मनाला लावून घेऊ नको गं. तुझा व्हिसा या हॉस्पिटलवाल्यांच्या हातात. मला समजते."

मला इथे कायम राहायची परवानगी मतदानाच्या चार महिने आधीच मिळाली होती. पेढे वाटायचं राहून गेलं होतं, त्यामुळे लॅबमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. काका तसं म्हणाले तेव्हा सांगता आलं असतं. मी मान हलवली. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी तो ठेवू दिला.