कंदाला हवी असलेली रात्र

केदारखेड्याच्या शिवारात बटाटा हे मुख्य पीक नव्हे. कापूस, मका, सोयाबीन यांच्या पसाऱ्यात एखाद-दुसरा वाफा असला तर असतो. भुजंगराव आणि नंदाबाई यांच्या विहिरीलगतच्या पट्टीत मात्र दर दिवाळीनंतर तांबड्या सालीचा, लहानखुरा, खोल डोळ्यांचा एक बटाटा लागत आला आहे. तो नंदाबाईंच्या माहेरचा, पिंपळगाव रेणुकाईचा. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला आईने नारळासोबत तो लेकीच्या ओटीत घातला. त्या घराण्यात तशी रीतच होती.

बटाट्याचे बी म्हणजे बटाटाच. मक्याच्या दाण्यात दोन जीवांचा अंश मिसळतो आणि दर पिढीला काही नवे जन्मते. कंदाच्या डोळ्यातून फुटणारे रोप म्हणजे जुन्याच रोपाचे पुढे चाललेले आयुष्य. आईने खणलेला आणि लेकीने लावलेला बटाटा तत्त्वतः एकच शरीर. संस्कृतात ‘संतान’ या शब्दाचा मूळ अर्थ अखंड पसरत जाणे असा आहे. तो या कंदाला नेमका शोभतो. परंतु अखंडतेला एक भय असते. हा कंद दोन वर्षे साठवून ठेवता येत नाही. एका हंगामात जमिनीखाली काही धरले नाही, तर सारी परंपरा तिथेच संपते.

गेल्या वर्षी रानडुकरांनी पट्टी उकरली होती. म्हणून यंदा नंदाबाईंनी हट्टाने विहिरीजवळ खांब उभारून घेतला आणि त्यावर रात्रभर जळणारा मोठा सौरदिवा बसवला. माहेरचे बियाणे त्यांनी मुद्दाम त्या उजेडात लावले. खांबाच्या दुसऱ्या अंगाला बाजारातून आणलेला पांढरा बटाटा होता.

जानेवारी लागला तेव्हा तांबड्याची रोपे गुडघ्याला लागत होती, पाने गर्द हिरवी. नंदाबाईंनी माती बाजूला सारून पाहिले. पांढऱ्या दोऱ्यासारख्या भूमिगत फांद्या लांबच लांब गेल्या होत्या आणि एकीच्याही टोकाला गाठ नव्हती. पलीकडच्या पांढऱ्याला अंगठ्याएवढे बटाटे धरले होते.

“बियाणं थकलं तुझं,” भुजंगराव म्हणाले. “एकच दिवा, एकच पाणी. त्याला धरलं, ह्याला न्हाई. मंग दोष कोणाचा? सोमवारी मोडतो. भुईमूग तरी वेळेवर पडंल.”

“माझ्या माहेरचं हाय म्हणून थकलं व्हय?”

“तुझ्या माहेरचं तुझ्यावानीच. वर नुस्ता थाट, कामाला बिलकुल न्हाई.”

“थाट नसता तर तुमी आल्ता कशाला मला बघायला?”

भुजंगराव हसले, पण सोमवार त्यांनी बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी नंदाबाई पट्टीच्या टोकापर्यंत माती चाचपत गेल्या. पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे, जिथे दिव्यापुढे भिंत आडवी येत होती, तिथल्या रोपांखाली बोराएवढे तांबडे मणी त्यांच्या बोटांना लागले. झाडे तीच, बियाणे तेच. त्यांनी एक रोप मुळासकट उपटले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि बहिणीच्या मुलीला, सुरुचीला फोन केला. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत ती काम करते. रविवारी ती आली.

तिने रोप पाहिले, खांब पाहिला, भिंतीची सावली कुठवर पडेल ते पाहिले.

“मावशी, धरू नको असं तू ह्याला सांगून राह्यलीस रोज.”

“मी? अगं, जीव लावला मी त्याला.”

सुरुची बांधावर बसली आणि समजावू लागली. रात्र किती लांब आहे ते पाने मोजतात. ती पुरेशी लांब आणि थंड असली की पानांत एक विशिष्ट प्रथिन तयार होते, खोडातून खाली उतरते आणि जमिनीतल्या फांदीच्या टोकाला निरोप देते, की आता लांबू नकोस, फुगून साठव. दिव्याने रात्र तोडली की निरोप निघतच नाही. पांढऱ्याच्या कुळात लांब दिवसांच्या देशांतले रक्त आहे. तिथे माणसाने पिढ्यानपिढ्या निवड केल्यामुळे काळ मोजणारा त्याचा जनुक बदलला आहे, तो अंधारासाठी फारसा अडून बसत नाही. तांबडा जुन्या स्वभावाचा आहे; त्याला पूर्ण रात्र लागते.

“मंग युरिया मारू का थोडा?” भुजंगराव म्हणाले.

“काका, युरियानं पानंच माजतील. त्याला आता उपाशी ठेवा अन् अंधारात ठेवा.”

“अन् डुकरं?” नंदाबाईंनी विचारले.

भुजंगरावांनी पट्टीच्या चारही कडा चालून पाहिल्या. मग म्हणाले, “तुझी ती लुगडी काढ पेटीतली. बांधू चहूकडून. माणूस हाय असं वाटतं त्यांना.”

“नवी देणार न्हाई.”

“डुकराला काय जरीकाठ लागतो?”

त्या संध्याकाळी दिव्याची तार काढली. पट्टीभोवती जुन्या साड्यांचे कुंपण झाले आणि सोमवारचा नांगर लांबला. एकदा डुकरांनी एका कोपऱ्यातून आत घुसून काही रोपे उकरली. भुजंगराव बोलले पुष्कळ, पण तार पुन्हा जोडली नाही.

फेब्रुवारी सरता सरता पट्टी खणली. बटाटे लहान होते, कित्येक लिंबाएवढेच. सगळे मिळून एक पाटी भरली. भुईमूग उशिरा पडणार हे उघड होते. भुजंगरावांनी एक कंद उचलून चोळला.

“एक तरी भाजीत टाक.”

“हात लावू नका.”

नंदाबाईंनी पाटी ओसरीवर ओतली आणि तिचे तीन ढीग केले. एक घरी ठेवला. दुसरा खणणीसाठी आलेल्या सुरुचीच्या पिशवीत घातला, प्रयोगशाळेच्या शीतगृहासाठी. तिसरा शेजारच्या कांताबाईंना हाक मारून त्यांच्या पदरात टाकला. इतक्या वर्षांत हे बियाणे त्यांनी घराबाहेर कोणालाही दिलेले नव्हते. मागणाऱ्याला बटाट्याची भाजी मिळे, बटाटा मिळत नसे.

कांताबाई पदराकडे पाहतच राहिल्या. “आज काय झालं गं तुला?”

“घे मुकाट्यानं,” नंदाबाई म्हणाल्या. “अन् जवळ दिवा लावू नको.”