तळ्याकाठच्या झाडाला ब्लाऊजपीस

ॲडम्सटाउनहून निघताना मेधा म्हणाली, "नकाशा मी बघते. तू फक्त गाडी चालव." औषधं आता थांबवू या, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझ्या बायकोने घरातली सगळी सूत्रं पुन्हा हातात घेतली होती. मी बापडा सांगितलेल्या वाटेने गेलो आणि तरीही दोनदा चुकलो.

पश्चिमेकडचं ते आयरिश गाव म्हणजे तळ्याला बिलगलेली मूठभर घरं. पाणी राखाडी, आभाळ राखाडी. मेंढ्या तेवढ्या पांढऱ्या, त्याही मळक्या. चहाच्या दुकानात तपकिरी पाव आणि बटाट्याचं सूप मिळालं. मेधाने दोन चमचे घेतले, उरलेलं मी संपवलं. दुःखात माझी भूक वाढते, काय करणार!

शेजारच्या पडवीत नोरा नावाची म्हातारी 'सॅली'च्या (तळ्याकाठच्या लवचिक फांद्यांच्या) टोपल्या विणत होती. मेधाच्या डोक्यावरचा रुमाल पाहून तिने ओळखलं.

"मागे पवित्र विहीर आहे. कापड पाण्यात बुडवायचं, दुखतं तिथे लावायचं आणि झाडाला बांधायचं."

विहिरीवरच्या काटेरी झाडाला नुसत्या चिंध्या लटकत होत्या. पण देवाला जुनेर कसं द्यायचं? मेधाच्या पर्समध्ये हळदीकुंकवाला ओटीत आलेला कोरा ब्लाऊजपीस होता. हिरवा, पॉलिस्टरचा, कुणीच न शिवता घरोघर फिरणारा.

"चला, याला एकदाचं काम मिळालं," ती म्हणाली. तिने तो बुडवून पोटाला लावला, मी गाठ मारली.

नोरा मागून आली आणि थबकली. "नवा? अगं पोरी, आजाऱ्याच्या अंगावरचं जुनं सुती लागतं. चिंधी कुजत जाते, तसा आजार सरतो. हे कसलं कुजतंय!"

"मग सोडतो," मी म्हणालो.

"हात लावू नकोस! सोडेल त्याला तो आजार लागतो."

मेधा कितीतरी दिवसांनी हसली. "पॉलिस्टर आहे रे. मला पुरून उरेल."

नोराचा हात धरून ती गाडीकडे निघाली. किल्ली राहिली, असं सांगून मी मागे वळलो. औषधांच्या कारखान्यात नोकरी करणारा शहाणा माणूस मी. गाठ दातांनी सोडली आणि ओला ब्लाऊजपीस शर्टाच्या आत पोटाशी खुपसला.

परत येऊन बरेच आठवडे झाले. तो अजून बनियनच्या आत असतो. परवा कंपनीत तपासणी झाली. नर्स म्हणाली, "तब्येत एकदम ग्रँड आहे हो तुमची!"

मेधाला आता जिना चढवत नाही. काल तिचा पलंग खाली आणला. मी एकट्याने आणला. पाठसुद्धा दुखली नाही.